होडीच्या मशीनला तेल कोणतं?



या आठवड्याच्या टपालात किनाऱ्यावरच्या सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आहे. तो लिहितो, 'गुरुजी, आमच्या होडीला छोटं आऊटबोर्ड मशीन आहे. बाबा म्हणतात, मशीनच्या कंपनीचं तेल महाग पडतं. शेजारचे काका म्हणतात, मोटारसायकलचं घाला, तेल ते तेल! खरं कुणाचं?'

प्रश्न नामी आहे. रस्त्यात गाडी बंद पडली तर ढकलत घरी आणता येते. पण मशीन भर समुद्रात बंद पडलं आणि त्यात वारा सुटला, तर ढकलायला कुणाला बोलावणार?

आधी तेलाचं काम बघू. दोन्ही तळहात जोरात एकमेकांवर घासा. गरम झाले ना? मशीनमधला पिस्टन तर भर वेगात मिनिटाला चार-पाच हजार वेळा वरखाली होतो. त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये तेलाचा पातळ थर नसेल, तर तो तापून फुगतो आणि जागीच अडकतो. यालाच 'इंजिन सीझ झालं' म्हणतात.

आता आपलं मशीन कोणत्या जातीचं, ते ओळखायचं. टू-स्ट्रोक मशीनच्या पोटात तेल साठवायला जागा नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. ते पेट्रोलबरोबर आत जातं, सगळ्या भागांना माखतं आणि शेवटी जळून जातं. फोर-स्ट्रोक मशीनमध्ये तेल आतच वेगळं राहतं. ते पट्टीने मोजता येतं आणि ठरावीक तासांनी बदलावं लागतं. तिथे पेट्रोलमध्ये तेल मुळीच मिसळायचं नाही.

आता काकांचं म्हणणं तपासू. हल्लीच्या मोटारसायकली फोर-स्ट्रोक असतात. त्यांचं तेल इंजिनात टिकून राहण्यासाठी बनवलेलं असतं, जळण्यासाठी नाही. ते टू-स्ट्रोक मशीनच्या पेट्रोलमध्ये घातलं तर प्लगवर काजळी धरते आणि मशीन सुरू व्हायला कुरकुरतं.

तुमच्या आईबाबांना जुन्या स्कूटरचं टू-टी तेल आठवत असेल. पंपावर पेट्रोलबरोबर मापाने मिळायचं. मग ते चालेल का? जवळचं आहे, पण योग्य नाही. स्कूटरचं इंजिन वाऱ्याने थंड होतं, तर होडीचं मशीन समुद्राचं पाणी ओढून थंड राहतं. वाऱ्यावरचं इंजिन जास्त तापतं, म्हणून त्याच्या तेलात वेगळी द्रव्यं घालतात. ती जळली की थोडी राख उरते. पाण्यावरच्या मशीनमध्ये ही राख पिस्टनवर आणि प्लगवर साचत जाते. होडीच्या तेलात राख करणारी द्रव्यं नसतात, आणि ते गंजापासूनही मशीनला जपतं.

म्हणून टू-स्ट्रोक मशीनसाठी डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' ही खूण बघा. यातला डब्ल्यू म्हणजे पाण्याने थंड होणारं. फोर-स्ट्रोक मशीनसाठी 'एफसी-डब्ल्यू' ही खूण असते. दाटपणाचा आकडा मशीनच्या पुस्तिकेत दिलेला असतो. म्हणजे बाबांचंही चुकत नाही. मशीनच्याच कंपनीचा डबा हवा असं नाही, खूण बरोबर हवी. सुटं, बिनखुणेचं तेल मात्र नको.

आता आपलं लाडकं गणित! पुष्कळशा टू-स्ट्रोक मशीनना ५०:१ हे प्रमाण लागतं. म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, १० लिटरला २०० मिलिलिटर. काही जुन्या मशीनना २५:१ लागतं, म्हणजे बरोबर दुप्पट तेल. पुस्तिका सांगेल तेच खरं. तेल कमी पडलं तर पिस्टन अडकतो. जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो. 'अंदाजाने ओतलं' हे इथे चालत नाही, मापच हवं. काही मोठ्या टू-स्ट्रोक मशीनना तेलाची स्वतंत्र टाकी असते. तिथे ही मिसळ करायची नसते.

तिसरं तेल बहुतेक जण विसरतात. खाली पंख्याजवळच्या गिअरना वेगळं, दाट गिअर तेल लागतं. ते दुधासारखं पांढुरकं दिसलं तर समजा, आत पाणी शिरलंय. लगेच मेकॅनिकला दाखवायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. मिसळ करायचं काम मोठ्या माणसांचं. तेही उघड्यावर, विडी-काडीपासून दूर. तुम्ही हिशेब करून द्या आणि डब्यावरची खूण वाचून दाखवा. आणि फोर-स्ट्रोक मशीनमधून काढलेलं काळं तेल खाडीत ओतू देऊ नका. ज्या पाण्यावर आपलं पोट, त्यातच विष कसं कालवायचं?

जाता जाता एक गंमत. आऊटबोर्ड मशीन लोकांच्या आवडीचं केलं ते ओले एव्हिनरूड यांनी. जन्म नॉर्वेचा, कारखाना अमेरिकेत. १९०९ साली त्यांची मशीन विकायला आली. सांगतात की, उन्हाळ्यात वल्हं मारत तळ्यापलीकडून आईस्क्रीम आणताना ते वितळून गेलं, तेव्हा त्यांना ही कल्पना सुचली!

आता गृहपाठ: टाकीत १५ लिटर पेट्रोल आहे, प्रमाण ५०:१. तेल किती लागेल? आणि प्रमाण २५:१ असेल तर? उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचे,
गुरुजी