कसोटीचा दगड

कोणी विद्यार्थी एखादा चकाकणारा खडा आणून "हें सोनें आहे काय?" असें विचारतो, तेव्हां वडीलधारीं माणसें बहुधा हंसून तो फेकून द्यावयास सांगतात. ही रीत आम्हांस पसंत नाहीं. उत्तर बरोबर असतें खरें. पन्हाळा-जोतिबाचे आमचे डोंगर लाव्हारसापासून झालेल्या काळ्या दगडाचे, आणि सोनें सांपडतें तें रायचूरकडील हट्टीसारख्या फार प्राचीन खडकांत. परंतु न तपासतां दिलेल्या उत्तरानें मुलगा काय शिकला?

तपासणी तर किती सोपी! माक्षिक, म्हणजे लोखंड व गंधक यांचें संयुग, सोन्याहूनही भपकेदार दिसतें. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर तें घासलें कीं रेघ हिरवट काळी उठते. सोन्याची पिवळीच राहते. हातोडीखालीं माक्षिकाचा चुरा होतो, सोन्याचा पत्रा. अभ्रकाचे पापुद्रे तर नखानेंही निघतात. सन १५७६ ते १५७८ या काळांत फ्रोबिशर नामक इंग्रज दर्यावर्द्यानें उत्तर अमेरिकेंतून हजार टनांहून अधिक दगड सोन्याच्या आशेनें इंग्लंडास नेला. तो सारा निरुपयोगी ठरला. पहिल्या खड्याविषयींच पारख्यांचें एकमत नव्हतें, पण सोनें आहे म्हणणाराच सर्वांस आवडला!

आमच्या गुजरींतील सराफ काळ्या कसोटीवर दागिना घासून त्या रेघेवर तेजाब सोडतात. पितळेची रेघ नाहींशी होते. मात्र कसोटीस वरचाच थर कळतो. जाड मुलामा असल्यास पाण्यांत बुडवून वजन पाहावें लागतें. सोनें पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, माक्षिक सुमारें पांचपट. टंगस्टन धातु जवळजवळ सोन्याइतकीच जड, म्हणून एकाच परीक्षेवर विसंबणें बरें नव्हे. सन २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीचें झालेलें हॉलमार्क चिन्ह उपयुक्त खरें. पण आजीच्या जुन्या कोल्हापुरी साजावर तें कोठून असणार? आणि अडचणीच्या दिवसांत गहाण पडतो तो तोच साज. त्या वेळीं ज्यास कांहींच ठाऊक नाहीं, त्यास समोरचा सांगेल तें मुकाट्यानें ऐकावें लागतें.

म्हणून प्रयोगशाळेंत माक्षिक, अभ्रक, पितळ व एक तराजू प्रत्येक मुलाच्या हातीं पडावा, अशी आमची सूचना आहे. खर्च फारसा नाहीं. पालकांनींही सराफाकडे जातांना मुलांस बरोबर न्यावें, दागिना समोर घासावयास सांगावा आणि रेघ त्यांस दाखवावी. प्रामाणिक सराफ यास नाहीं म्हणणार नाहीं.