आपल्याच ताटाचा हिशेब



मालाच्या भावाचा हिशेब आपण नेहमी मांडतो. आज ताटाचा मांडू.

एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. तिचे तेल होते, ढेप होते. तरीही आपल्या गावच्या दुकानात पामतेलाचे पाकीट लटकलेले असते. हे तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येते. कारखान्यात विशिष्ट मातीने त्याचा रंग काढतात, दोनशे अंशांवर तापवून वाफेने वास काढतात. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली. आज देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते आणि आपल्या तेलबियांना त्याच्याशी झुंजावे लागते.

आता बिस्किटाचा पुडा उलटून बारीक अक्षरे वाचा. बहुतेक पुड्यांवर मैदा, साखर आणि पामतेल हेच मुख्य. मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढतात. चोथा, लोह, ब जीवनसत्त्वे बहुतांशी त्यांतच असतात. कोंडा जातो जनावरांच्या खाद्यात, मैदा येतो लेकरांच्या हातात.

कारखाना म्हटला की वाईटच, असे कृषी पदवीधर म्हणून मी म्हणणार नाही. कच्च्या सरकीतेलात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. ते शुद्धीकरणानेच जाते. प्रश्न एवढाच, की अन्नातून काय काढले, काय घातले आणि पैसा कोणाकडे गेला?

हे उमजल्यावर माझ्या घरी बिस्किटे बंद झाली. भाकरी आणि जवसाची चटणी रोजची झाली. पण 'भाकरी खा' हा उपदेश पुरुषाच्या तोंडी सोपा आहे. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईलाच पुन्हा चुलीपुढे बसावे लागते. भाकरी हवी असेल तर दळण आणणे, पीठ मळणे, भाकरी थापणे पुरुषांनीही शिकावे.

जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य फुकट मिळते. ते मुख्यतः गहू-तांदूळच. ते सोडा, असे मी कोणाला सांगणार नाही. पण ज्वारी आपणच ताटातून काढली, तर तिला भाव कोणत्या तोंडाने मागायचा?

म्हणून आजच्या बैठकीत चहासोबत बिस्किटे नाहीत. फुटाणे आणि ज्वारीच्या लाह्या आहेत. पुढच्या बैठकीला महिन्याच्या किराण्याची यादी आणा. त्यातले काय आपल्या शेतात पिकू शकते, ते मिळून ठरवू.