मुलांना रेसिपी नको, जेवायला अर्धा तास द्या



दहावी-बारावीचे निकाल लागले की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. बीडच्या बसस्थानकावर गादीची वळकटी, बादली आणि पुस्तकांची बॅग घेतलेली मुलं लातूर, पुणे, संभाजीनगरच्या गाड्यांना लागतात. आणि आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर ‘घाईत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पाच मिनिटांत पौष्टिक नाश्ता’ असले व्हिडिओ येऊन पडतात. कुणी रात्री भिजवून ठेवायचे ओट्स पाठवतं, कुणी मोड आलेल्या मटकीचं सॅलड, तर कुणी उकडलेल्या बटाट्याचं सँडविच. खाली पंधरा जणींचे अंगठे.

मी अंगठा देत नाही. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

या पदार्थांशी माझं भांडण नाही, जरी आपल्या घरात त्यातले अर्धे चालायचे नाहीत. रात्री भिजवून सकाळी खायचे ओट्स म्हणजे आपल्या भाषेत वासी अन्न. मोड आलेलं धान्य अनेक घरांत अनंतकाय म्हणून वर्ज्य असतं. बटाटा, कांदा, लसूण यांचं तर बोलायलाच नको. पण हे बाजूला ठेवू. माझं भांडण ‘पाच मिनिटांत’ या शब्दांशी आहे. मुलाकडे जेवायला पाचच मिनिटं आहेत, हे आपण सूर्य पूर्वेला उगवतो तसं मान्य करून टाकलंय. ती पाच मिनिटं कुणी ठरवली, बाकीचा वेळ कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. पाच मिनिटांत मावेल असा पदार्थ शोधायचा आणि कर्तव्य पार पडलं म्हणायचं.

मी कॉमर्सची पदवीधर आहे. घरातली वही गेली चाळीस वर्षं मीच लिहिते. आधी जमा-खर्च मांडायचा आणि मगच बोलायचं, ही सवय काही सुटत नाही. म्हणून मुलांच्या वेळेचाही हिशेब मांडते.

माझ्या जावेची नात लातूरला नीटची तयारी करते. नवव्या वर्षापासून चौविहार पाळते. म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. सकाळी नवकारसी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात पहिला घास. हे कुणी तिच्यावर लादलेलं नाही. महासतीजींच्या चातुर्मासात तिनं आपणहून घेतलेले पच्चक्खाण आहेत. तिच्या क्लासची वेळ बघा. सकाळी सात ते एक, मग दुपारी साडेतीन ते रात्री साडेआठ. संध्याकाळच्या सत्रात मध्ये दहा मिनिटांची सुट्टी.

आता हिवाळ्यातला दिवस धरा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य संध्याकाळी सहाच्या आतच मावळतो. तेव्हा ती वर्गात बसलेली असते. सकाळी सातला क्लास सुरू होतो तेव्हा नवकारसी आलेली नसते. म्हणजे दुपारी दोनला जेवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतर जेवणार. तेवीस तास! मधल्या दहा मिनिटांत ती बिस्किटाचा पुडा खायची. दिवाळीला घरी आली तेव्हा जिना चढताना धाप लागत होती. तपासलं तर हिमोग्लोबिन आठ.

तिचे वडील क्लासमध्ये गेले. म्हणाले, संध्याकाळी साडेपाचला अर्धा तास सोडा, मुलगी खोलीवर जाऊन जेवून येईल. उत्तर मिळालं, “दोन वर्षं नियम बाजूला ठेवा ना. आमच्याकडे शेकडो मुलं आहेत, प्रत्येकाच्या धर्माप्रमाणे वेळापत्रक कसं करणार?”

या उत्तरावर आपल्यातलेच कितीतरी लोक मान डोलावतात. “खरं आहे, दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे.” म्हणून जरा थांबून बघू, ते खरं आहे का.

पहिली गोष्ट, हा फक्त धर्माचा प्रश्न नाही. तिच्या शेजारच्या बाकावरची मुलगी जैन नाही, रात्री नऊला मेसमध्ये जेवते. पण दुपारी दोन ते रात्री नऊ हे सात तास तीसुद्धा बिस्किटांवर किंवा टपरीवरच्या वडापाववरच काढते. रात्री नऊला भुकेनं वखवखून जेवते, लगेच पुस्तक घेऊन बसते, झोप येते म्हणून चहा पिते. पहाटे भूक नसते, म्हणून उपाशीच पळते. आमच्या मुलीच्या नियमानं एवढंच केलं की त्या वेळापत्रकातला दोष उघडा पडला. दोष सगळ्यांच्याच पोटात आहे.

दुसरी गोष्ट, ‘दोनच वर्षं’. सोळा ते अठरा ही काय वाटेल तशी घालवायची वर्षं आहेत? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याची सुरुवात याच वयात होते. आणि दोन वर्षांनी सुटका होते म्हणता? नीटचा पहिला प्रयत्न फसला की तिसरं वर्ष. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मराठवाड्याची मुलं बघा. पाच-सहा वर्षं अभ्यासिका, चहा आणि एक वेळची मेस. ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात घेऊन हिंडतात.

आता खाण्याचा हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पुरुषाला ५४. यासाठी डब्यातली महागडी पावडर लागते, असं मुलांना कुणीतरी सांगून ठेवलंय. मी आपल्या कोठीतल्या वस्तूंनी बेरीज केली:

तीन भाकरींचं ज्वारीचं पीठ, १५० ग्रॅम: १५ ग्रॅम प्रथिनं.
मूगडाळ, ५० ग्रॅम: १२ ग्रॅम.
शेंगदाणे, ३० ग्रॅम: ७ ग्रॅम.
फुटाणे, ३० ग्रॅम: ६ ग्रॅम.
दूध, पाव लिटर: ८ ग्रॅम.
एकूण ४८.

मुलीची गरज भागली. मुलाला एक भाकरी आणि मूठभर दाणे जास्त द्या, त्याचीही भागेल. यात कंदमूळ नाही आणि बीडच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळत नाही असंही काही नाही. लोहासाठी ज्वारी-बाजरी, कारळाची आणि जवसाची चटणी, वर लिंबू पिळलेलं. लिंबामुळे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अडवतो. बी-१२ हे आपल्या शाकाहारात दूध-दह्याशिवाय नीट मिळत नाही. म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासा आणि डॉक्टरांनी दिली तर गोळी घ्या. ज्याचं हिमोग्लोबिन आठवर आलंय त्यालाही नुसत्या चटणीवर ठेवू नका, औषध लागतं. आजारपणात औषध नाकारणं म्हणजे तप नव्हे.

आणि झटपट म्हणाल तर झटपट पदार्थ आपल्याकडे काय कमी आहेत? इलेक्ट्रिक कुकरमध्ये मूगडाळीची खिचडी, वरून दुधी किंवा मटार-टोमॅटो टाकून, वीस-पंचवीस मिनिटांत. तीही बहुतेक वेळ आपोआप शिजते, मूल तोवर पुस्तक वाचतं. ज्वारीच्या पिठाची ताकातली उकड, जिरं-हिंग-हिरवी मिरची घालून, दहा मिनिटांत. पातळ पोहे, खोबरं, काकडी, लिंबू आणि दाणे घालून कांद्याशिवाय दडपे पोहे, त्याला तर विस्तवही लागत नाही. सातूचं पीठ गूळपाण्यात कालवलं की झालं. (ताकात कालवू नका, द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांना मी काय म्हणते ते कळेल.) तूप लावलेला खाकरा आणि दाण्याची चटणी. ही यादी अजून दोन पानं वाढवता येईल. म्हणजे पदार्थांचा तुटवडा नाहीच. तुटवडा आहे तो संध्याकाळच्या अर्ध्या तासाचा.

मग अर्धा तास कुणी द्यायचा?

आधी क्लासवाल्यांनी. सरकारी शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण द्यायची योजना १९९५ पासून आहे, आता ती आठवीपर्यंत आहे. सहावी ते आठवीच्या मुलाच्या ताटात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असावीत, असं त्यात लिहून ठेवलंय. त्या ताटाबद्दल तक्रारी असतील, पण मूल शिकायला बसवलं तर त्याला जेवू घालायचं, हे सरकारनं कागदावर तरी मान्य केलं. नववीत गेलं की ते मूल कुणाच्याच वहीत नाही. जिथे पालक वर्षाचे लाखभर रुपये मोजतात, तिथे पंखे किती, कॅमेरे किती, टेस्ट किती हे माहितीपत्रकात छापतात. मूल जेवणार कधी, ते छापत नाहीत. आणि आपण विचारत नाही. प्रवेशाच्या दिवशी दहा पालकांनी मिळून विचारलं तर अर्ध्या तासाची सुट्टी निघते की नाही बघा. एकट्या बापाला ‘धर्माचा प्रश्न’ म्हणून परत पाठवता येतं, दहा बापांना नाही.

मग आपल्या संघांनी. हे लिहिताना मला कुणाची भीड नाही. चातुर्मासात, पारण्याला, स्वामीवात्सल्याला आपण वीस-वीस पदार्थांची पंगत घालतो. साधर्मिक भक्ती म्हणून घालतो, चांगलंच आहे. पण खोली भाड्यानं घेऊन राहणारं आपलंच सतरा वर्षांचं मूल साधर्मिक नाही का? मेसच्या भाजीत कांदा आहे म्हणून नुसता भात आणि लोणचं खाऊन उठणारं ते मूल आपल्या कुठल्या भक्तीत बसतं? मुलं शिकायला जातात त्या प्रत्येक गावी आपली स्थानकं, मंदिरं, भवनं आहेत. तिथे रोज सूर्यास्ताच्या तासभर आधी वरण, भात, भाकरी आणि एक भाजी एवढंच ताट, रास्त पैसे घेऊन द्यायला काय अवघड आहे? फुकट नको. मुलं पैसे देतील, तेच पैसे ती आज वडापावला देतात.

आणि त्या पंगतीला जात विचारू नका. हे मी सांगत नाही, आपल्याच एका माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन घरातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या जेवणाला पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. शिक्षण आधी पोटातून सुरू होतं हे त्या माउलीला कुणी व्हिडिओ पाठवून शिकवावं लागलं नाही. आपल्याला दागिने मोडायचे नाहीत. पंगतीतले चार पदार्थ कमी करायचे आहेत.

शेवटी आपण, घरातल्या बायका. पाच किलो शेव, चिवडा आणि शंकरपाळे भरून पाठवले की आईची माया पोचली, असं समजणं आता पुरे. ते खाणं चवीपुरतं. महिनाभर त्यावर रात्री काढल्या तर पोट बिघडतं. त्या डब्यात भाजलेले दाणे, फुटाणे, सातूचं पीठ आणि चटण्या भरा. आणि मुलाला, हो, मुलालाच, जाण्याआधी महिनाभर रोज एक वेळचा कुकर लावायला द्या. मुलीला शिकवतो आणि मुलाला पुढ्यात ताट देतो. मग तो पुण्याच्या खोलीत चार वर्षं नूडल्स उकळतो आणि आपण त्याला ‘बिचारा’ म्हणतो. बिचारा तो नाही, आपण त्याला तसा करून पाठवलाय. ७२० गुणांच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या डोक्याला खिचडीचं पाण्याचं माप जमत नाही, हे मी मानायला तयार नाही.

“आजी, तुम्हाला स्पर्धा माहीत नाही,” असं मला सांगितलं जातं. असेल. पण जमाखर्च माहीत आहे. पाच तासांच्या संध्याकाळच्या सत्रातून अर्धा तास काढला तर दहावा हिस्सा जातो. तो न काढल्यामुळे उरलेल्या नऊ हिश्श्यांत मूल पेंगतं, चिडतं, डोकं धरून बसतं. यातला तोटा कुठला आणि बचत कुठली, हे ओळखायला मोठी पदवी लागत नाही.

जूनमध्ये प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फी विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: संध्याकाळी मुलं जेवतात किती वाजता? उत्तर ‘मधे दहा मिनिटं असतात’ असं आलं, तर तिथेच बसून राहा आणि पुन्हा विचारा. शेजारी बसलेल्या पालकांनाही विचारायला सांगा, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. भूक सगळ्यांच्या मुलांना लागते.