आठ प्रश्नचिन्हांचं कर्वेनगर

ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकाच्या पावतीवर पत्ता छापून आला : '????????, पुणे'. आपण म्हणतो, फॉन्ट बिघडला. फॉन्टचा यात दोष नसतो.

'कर्वेनगर' युनिकोडमध्ये मोजा. क, र, हलन्त, व, एकाराची मात्रा, न, ग, र : आठ चिन्हं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण २४. पत्त्याजागी लांबलचक युरोपीय अक्षरांचा कचरा दिसला, तर बहुधा बाइट शाबूत असतात, फक्त वाचणाऱ्याने चुकीची पद्धत लावलेली असते. ते दुरुस्त होतं. नेमकी आठ प्रश्नचिन्हं आली, तर वाटेत कुणीतरी मूळ अक्षरं पुसून '?' लिहिलंय. ती परत मिळत नाहीत.

दुकान आणि कुरिअर यांच्यात माहिती एक्सएमएलमधून जाते, तेव्हा ही पद्धत दोनदा सांगता येते : फाइलच्या पहिल्या ओळीत आणि बाहेर एचटीटीपी हेडरमध्ये. पत्र आणि पाकीट. दोन्हींत विसंगती असेल तर सहसा पाकिटाचा शब्द चालतो. म्हणून आधी पाकीट तपासावं.

पद्धतीत न बसणारे बाइट आले की एक्सएमएल वाचणाऱ्याने थांबावं, असा नियम आहे. कडक आहे, पण मला तोच बरा वाटतो. अडलेली ऑर्डर लगेच कळते. प्रश्नचिन्हं मात्र निमूट छापली जातात आणि कुरिअरवाला कोथरूडभर फिरतो.

'पत्ता इंग्रजीतच भरा' हा उपाय नव्हे, पळवाट आहे. इंग्रजी अक्षरं बहुतेक पद्धतींत सारखीच असतात, त्यामुळे 'टेस्ट' इंग्रजीत टाइप करून केलेल्या चाचणीत दोष सापडतच नाही. तिथे एकदा 'कर्वेनगर' टाकून बघायला कितीसा वेळ लागतो?