कव्हरावर नाव कुणाचे?

(बी. ए. भाग २)

मी ‘आर्ट्‌स’ला आहे असे सांगितले की आमच्या सोनाळ्यातील निम्म्या लोकांना वाटते, ही पोरगी चित्रे काढायला शिकते. घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेले नाही, तेव्हा त्यांना दोष तरी कसा द्यावा? खरोखर चित्रे शिकतो तो माझा मावसभाऊ. तो उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याविषयी गावाचे मत असे, की हा दुकानाच्या पाट्या रंगवायला शिकतो आणि त्यासाठी उगाच शहरात खोली करून राहतो.

यंदा त्याच्या वर्गाला काम मिळाले ते संगीत-अल्बमचे संपूर्ण वेष्टण तयार करण्याचे. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, डबी, आतली पुस्तिका आणि मोबाइलवर दिसणारे चौकोनी चित्र, असे सगळे. इतरांनी इंग्रजी गाण्यांची मंडळी निवडली. याने आमच्या गावचे महिला भजनी मंडळ निवडले. माझी आई त्यात टाळ वाजवते. आजोबांनी हे ऐकले आणि म्हणाले, “गाणं तं कानानं आयकतेत. मंग डब्ब्याले चित्र कायले पाह्यजे?”

प्रश्न अडाणीपणाचा नाही. शिकलेली माणसेही तो वेगळ्या शब्दांत विचारतात. शब्द आणि सूर ही कला, वेष्टण हा व्यापार, असे आपल्या वर्गातही ऐकू येते. मला हे मत मान्य नाही.

ध्वनिमुद्रिका सुरुवातीला वेष्टणाशिवायच होत्या म्हणायला हरकत नाही. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे आणि भोवती साधा खाकी कागद. कागदाला मधोमध भोक असे, त्यातून तबकडीवरची चकती वाचायची. अशा अनेक तबकड्या एकत्र बांधल्या की फोटोंच्या वहीसारखे बाड होई, म्हणून त्याला ‘अल्बम’ म्हणू लागले. वही गेली, तबकडीही गेली, शब्द मात्र टिकला. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा विशी-बाविशीतला तरुण कलासंचालक म्हणून लागला. या कोऱ्या बाडांवर चित्र का असू नये, असे त्याने विचारले. १९४० च्या सुमारास त्याचे पहिले मुखपृष्ठ निघाले. त्यावर काय होते? फूल नाही, नटी नाही. एका नाट्यगृहाच्या दर्शनी पाटीवर दिव्यांच्या अक्षरांत अल्बमचे आणि रॉजर्स व हार्ट या गीत-संगीतकारांचे नाव झळकवून त्याने फोटो घेतला होता. चित्र म्हणजे नावेच!

मला हा योगायोग वाटत नाही. आवाज हवेत विरतो. तो कुणाचा हे कुठेतरी लिहावे लागते. भारतात नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे हा त्यामागचा हेतू होता असे सांगतात. हेतू व्यवहाराचा असेल; पण त्या काळी एका गाणाऱ्या बाईने आपले नाव आवाजातच गोंदवून ठेवले, हे मला फार मोठे वाटते.

उलट उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील गाण्याने सारा देश वेडा झाला, आणि तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’! कामिनी हे मधुबालेने केलेल्या पात्राचे नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. श्रोत्यांनी रेडिओकडे पत्रे पाठवून विचारणा केली, तेव्हा खरे नाव लोकांपर्यंत पोहोचले. लताबाईंसारख्या गायिकेला नावासाठी लोकांच्या पत्रांची वाट पाहावी लागली, मग कोरसमध्ये उभ्या राहणाऱ्यांचे काय? (त्याच लताबाईंनी पुढे ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिले. पण तो पडदा त्यांनी स्वतः ओढला होता. नाव लपवणे वेगळे आणि नाव पुसले जाणे वेगळे.)

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत जुन्या कॅसेटी आहेत, काही शेगावहून आणलेल्या, काही यात्रेत घेतलेल्या. त्यांची कव्हरे मी या निमित्ताने मांडून पाहिली. देवाचे रंगीत चित्र, कंपनीची खूण, मुख्य गायकाचे नाव, आणि त्यापुढे दोन शब्द : ‘आणि पार्टी’. ढोलकी कुणाची, पेटी कुणाची, मागे झील धरणारे कोण? सगळे त्या ‘पार्टी’त बुडाले. कव्हर रंगवणाऱ्याचेही नाव नाही. म्हणजे ज्याच्या हातात कुंचला होता त्यालाही ते सुचले नाही, किंवा सुचू दिले नाही.

कायदा काय म्हणतो, हे मावसभावाला प्रकल्पासाठी शोधावे लागले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली कलम ५२-अ घातले गेले, तेव्हा चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट होता. त्यानुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणे सक्तीचे आहे : ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कमालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. गाणाऱ्याचे नाव त्या यादीत नाही! मालकाचा पत्ता हवा, गळ्याचा नको. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला ‘हे मी सादर केले’ असे म्हणवून घेण्याचा हक्क मिळाला खरा. पण हक्क मागायला आधी तो ठाऊक असावा लागतो. आणि आता मोबाइलवर चित्र टपालाच्या तिकिटाएवढे दिसते. वादकांची नावे असलीच तर कुठेतरी दोन-तीन वेळा बोट दाबल्यावर सापडतात.

म्हणून मी म्हणते की वेष्टण करणारा विद्यार्थी हा नुसता सजावटकार नाही. नोंद ठेवणे हे त्याचे काम आहे, रंग त्यानंतर. जाता जाता संपादक मंडळालाही विचारते : आपल्या वार्षिकाच्या मुखपृष्ठाचे चित्र ज्याने काढले, त्याचे नाव आतल्या पानावर यंदा तरी येणार आहे काय?

आमच्या प्रकल्पात नावांनीच घोळ घातला. चित्र लवकर झाले. देवाची मूर्ती न घेता त्याने टाळ धरलेल्या हातांचे फोटो काढले, निंदणाच्या भेगांसकट. अक्षरे हातानेच काढली, कारण फुकटच्या फाँटात ‘सोनाळा’चा ‘ळ’ त्याला पसंत पडेना. सीडी लावायला आता यंत्र कुणाकडे आहे? म्हणून डबीत क्यूआर कोडचे कार्ड ठेवले. मग काही कारभारी मंडळी म्हणाली, मागच्या बाजूला देणगीदारांचे फोटो हवेत. मावसभावाने पुस्तिकेचे शेवटचे पान त्यांना देऊन मलपृष्ठ वाचवले. मलपृष्ठावर त्याला चौदा जणींची पूर्ण नावे हवी होती. ती गोळा करायला मी गेले.

“गजूची माय लिव्ह नं, सारं गाव वयखते,” एक काकू म्हणाल्या. दुसऱ्या काकूंनी विचारले, “माहेरचं सांगू का सासरचं?” लग्नात नाव बदललेल्या तिघी निघाल्या. ज्या बाईच्या पेटीवर सारे भजन उभे राहते, तिचे नाव शेजारच्या घरालाही सांगता आले नाही. रेशनकार्ड काढून पाहावे लागले. दोघी म्हणाल्या, “घरी इचारा लागन.”

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मनापासून घेतला जातो : भजन हे देवाचे, त्यात स्वतःचे नाव कशाला? अहंकार सोडण्यासाठीच तर टाळ हाती घ्यायचे. पण मग आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा का ठेवली? जनाबाईने दळता-कांडता रचलेल्या अभंगांत स्वतःला ‘जनी’ म्हणून गुंफले आहे. तिच्या नम्रतेत त्याने काही उणे आले नाही. तिने नाव घातले नसते, तर आज ते अभंग कुणाचे म्हणून आपण शिकलो असतो? ‘आणि पार्टी’चे?

मावसभाऊ शेवटी कंटाळला. बारा नावे आणि खाली ‘व इतर’ छापू म्हणाला. कोरी जागा छपाईची चूक वाटेल, परीक्षक गुण कापतील. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे, पण मी ‘व इतर’ला ठाम नकार दिला. चौदा ओळी ठेवायच्या, भरल्या नाहीत तरी. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मग त्याने चौदा ओळींचा नमुना पाठवला.

काल त्या दोघींपैकी एकीच्या सुनेचा फोन आला. तिने सासूचे नाव सांगितले, माहेरच्या आडनावासकट, आणि नीट लिहिले की नाही ते मला दोनदा वाचायला लावले. चौदावी ओळ अजून रिकामी आहे. प्रकल्प येत्या सोमवारी द्यायचा आहे.