मोठा आकडा म्हणजे उत्तम माल नव्हे

कापसाची पारख करणारा वऱ्हाडातील व्यापारी एकाच आकड्यावर भाव बांधत नाही. ओलावा, कचरा, धाग्याची लांबी आणि तंतूचा मायक्रोनेर ही सारी मापे तो एकत्र विचारात घेतो. लांब धाग्याच्या कापसाच्या हमीभावासाठी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबी आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेर अशी मर्यादा असते. मायक्रोनेर फार वाढला तर तंतू जाडाभरडा ठरतो. फार घटला तर तो अपक्व असण्याचा संभव असतो. कारंजा, वाशीमच्या पेढ्यांवर मुरलेली ही दृष्टी सर्वस्वी अनोळखी वस्तूच्या खरेदीतही उपयोगी पडते.

बोलिंगचा बॉल ही अशीच एक वस्तू. ज्या मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या गाठी जात, त्यांपैकी लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात पुढे या खेळाच्या लेन आल्या. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मोठ्या शहरांत किंवा अमेरिकेत गेलेल्या मुलांना या खेळाची गोडी लागली, की स्वतःचा बॉल घ्यावासा वाटतो. त्याच्या माहितीपत्रकावर अनेक आकडे असतात आणि सर्वांत मोठ्या आकड्याचा, सर्वांत महागडा बॉल घेण्याचा मोह होतो.

वस्तुतः हे आकडे परीक्षेचे गुण नव्हेत. ते बॉलचा स्वभाव सांगतात. लेनच्या आरंभरेषेपासून पहिली पिन ६० फुटांवर असते आणि लेनच्या बऱ्याच भागावर तेलाचा थर दिलेला असतो. तेलावर बॉल घसरतो, कोरड्या भागात पकड घेऊन वळतो. या वळणास ‘हुक’ म्हणतात. आर. जी. हा आकडा गाभ्यातील वजन केंद्रापासून किती दूर आहे, हे दर्शवतो. अमेरिकेतील नियामक संस्थेच्या नियमांनुसार तो २.४६ ते २.८० इंचांच्या दरम्यान असावा लागतो. आर. जी. कमी असेल तर बॉल लवकर फिरकी घेतो; अधिक असेल तर पुढे जाऊन. डिफरेन्शियलची कमाल मर्यादा ०.०६० इंच आहे. तो जितका अधिक, तितका फिरताना बॉलचा नवा, कोरडा पृष्ठभाग लेनला टेकतो आणि हुक वाढण्यास वाव मिळतो. पृष्ठभागाच्या घासणीचा हिशेब मात्र उलटा: ५०० अंकाची घासणी खरखरीत व तेलात पकड घेणारी, ४००० अंकाची गुळगुळीत.

वळणावर सर्वाधिक परिणाम गाभ्यापेक्षाही आवरणाचा होतो. पॉलिएस्टरचे आवरण जवळजवळ सरळ जाते, युरेथेनचे संथपणे वळते, रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे जोरात वळते. म्हणून कमी तेलाच्या लेनवर ‘सर्वाधिक हुक’चा महागडा बॉल वेळेआधीच वळून निशाणा चुकवतो. शिवाय हुकची श्रेणी प्रत्येक कंपनी आपल्या मापाने देते. दोन कंपन्यांच्या श्रेण्यांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवर तोललेला माल एकाच भावाने घेणे होय.

वजनाचाही विचार हवा. कमाल मर्यादा १६ पौंडांची असली, तरी मनगट व खांद्यास पेलेल तेच वजन योग्य. पत्रकातील आकडे बहुधा १५ पौंडांच्या बॉलचे असतात; हलक्या बॉलमध्ये गाभा निराळा असू शकतो. तेव्हा घ्यावयाच्या वजनाचेच आकडे मागावेत.

बोटांच्या मापाने छिद्रे पाडलेला बॉल दुसऱ्याच्या हाताला सहसा बसत नाही. दुकानदारही तो परत घेण्यास क्वचितच राजी होतो. म्हणून खेळण्याची लेन कोणती, तेल किती, चेंडूफेकीचा वेग किती आणि हाताला पेलणारे वजन कोणते, हे चार प्रश्न छिद्रे पाडण्यापूर्वीच विचारावेत. नवख्यासाठी त्यांचे उत्तर पुष्कळदा साध्या, स्वस्त पॉलिएस्टरच्या बॉलपाशी येऊन थांबते.