हॉकीचे नवे व्याकरण

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी भारत आणि ग्रेट ब्रिटन यांच्यात झालेला हॉकीचा उपांत्यपूर्व सामना आपल्याकडे असंख्य घरांत पाहिला गेला आणि त्यांपैकी अनेक घरांत एकच प्रश्न विचारला गेला असणार : आपले खेळाडू पुढे का जात नाहीत? सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची काठी एका ब्रिटिश खेळाडूच्या चेहऱ्याला लागली. चित्रफीत पाहून पंचांनी त्याला लाल कार्ड दाखविले आणि उरलेली त्रेचाळीस मिनिटे भारताला दहा जणांनिशी खेळावे लागले. २२ व्या मिनिटाला हरमनप्रीत सिंगने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. २७ व्या मिनिटाला ब्रिटनने बरोबरी साधली. त्यानंतर गोल झाला नाही आणि शूटआऊटमध्ये भारताने ४-२ असा विजय मिळविला. निकाल कळला, आनंद झाला. परंतु मधली अर्ध्या तासाहून अधिक काळाची झुंज कशाची होती, हे पाहणाऱ्यांपैकी किती जणांना उमगले, याविषयी शंकाच आहे.

दहा जणांनी अकरा जणांशी खेळणे म्हणजे केवळ एक माणूस कमी असणे नव्हे. आजच्या आंतरराष्ट्रीय हॉकीत राखीव खेळाडू हे दुखापतीची वाट पाहत बसलेले नसतात. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, तोही कितीही वेळा. त्यामुळे आघाडीचे खेळाडू काही मिनिटे जिवाच्या आकांताने धावतात, बाहेर येऊन दम घेतात आणि पुन्हा उतरतात. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा हा खेळ संपूर्ण वेळ त्याच वेगाने चालू राहतो, याचे रहस्य या अदलाबदलीत आहे. मैदानावरचा एक माणूस कायमचा गेला, की उरलेल्यांना प्रत्येकी अधिक धावावे लागते आणि विश्रांतीचे गणित कोलमडते. अशा स्थितीत पुढे जाण्याचा मोह आवरणे, गोलसमोरची जागा दाटीवाटीने बंद ठेवणे आणि प्रतिस्पर्ध्याला कडेकडेने फिरत ठेवणे, हे त्या दिवशीचे खरे कौशल्य होते. ते दिसत नाही, कारण ते चेंडूपाशी नसते. चेंडूकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाला चेंडू नसलेले खेळाडू दिसत नाहीत, आणि आजची हॉकी निम्म्याहून अधिक चेंडू नसलेल्या खेळाडूंची आहे.

आपल्याकडे हॉकीवरची चर्चा मात्र अजूनही एका तक्रारीपाशी येऊन थांबते : युरोपने गवत काढून कृत्रिम हिरवळ आणली आणि भारताचे वैभव लुटले. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. १९७५ साली क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ असे हरवून भारताने विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये, कृत्रिम हिरवळीवर झालेल्या पहिल्या ऑलिंपिक स्पर्धेत, तो सातव्या क्रमांकावर गेला. श्रीमंत देशांना परवडणारे मैदान जगावर लादताना गरीब देशांच्या शाळांचे काय होईल, याचा विचार कोणी केला नाही, हा आरोप रास्तच आहे. परंतु तेवढ्याने सारे स्पष्टीकरण मिळत नाही. माँट्रियलचे सुवर्णपदक मिळविले न्यूझीलंडने, आणि त्या संघाचे खेळाडूही गवतावरच वाढलेले होते. १९७२ साली म्युनिकला पाकिस्तानला १-० असे नमवून पश्चिम जर्मनी विजेती ठरली ती गवतावरच, आणि तो निर्णायक गोल पेनल्टी कॉर्नरवर झालेला होता. १९७३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात २-२ बरोबरीनंतर पेनल्टी स्ट्रोकवर हॉलंडने भारताला हरविले, तेव्हाही पायाखाली गवतच होते. उलट गवतावरच घडलेल्या पाकिस्तानच्या संघाने १९८४ साली लॉस एंजेलिसला कृत्रिम हिरवळीवर सुवर्ण जिंकले. भारताचे आजवरचे शेवटचे सुवर्ण, १९८० च्या मॉस्कोचे, तेही कृत्रिम हिरवळीवरचेच! अनेक बलाढ्य देश त्या स्पर्धेला गैरहजर होते, हा भाग वेगळा. सांगण्याचा मुद्दा इतकाच, की युरोप पुढे सरकत होता तो मैदान बदलण्याच्या आधीपासून. मैदानाने त्या प्रक्रियेला गती दिली. अपयशाचे सगळे खापर गालिच्यावर फोडल्यामुळे आपण स्वतःची एक मोठी सोय करून घेतली : खेळ समजून घेण्याचे कष्ट वाचविले.

गवतावर चेंडू उसळी घेतो, वळतो, अडतो. तो काठीला चिकटवून ठेवण्याची, मनगटाच्या एका हेलकाव्याने समोरच्याला चकविण्याची जी कला भारत-पाकिस्तानने फुलविली, ती अशाच जमिनीतून उगवली. कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरळ आणि वेगाने जातो. तो नेमका कोठे पोहोचेल हे आधी कळते. मग एकट्याने दोघांना चकविण्यापेक्षा चाळीस मीटरांवरच्या सहकाऱ्याला तो क्षणार्धात पोहोचविणे अधिक फायद्याचे ठरते. त्यात १९९६ मध्ये प्रयोगादाखल आणि १९९८ पासून कायमचा ऑफसाइडचा नियम रद्द झाला, आणि ९१.४० मीटर लांबीचे मैदान खऱ्या अर्थाने मोकळे झाले. ऑफसाइड असताना बचावफळी पुढे सरकून मैदान आखूड करू शकत होती. आता आघाडीचा एखादा खेळाडू थेट गोलपाशी जाऊन उभा राहतो. त्याच्यासाठी एक बचावपटू मागे ठेवावाच लागतो आणि मध्ये मोकळी जागा तयार होते. त्या जागेसाठीच सारा संघर्ष चालतो. २००९ मध्ये फ्री हिट घेणाऱ्याला चेंडू स्वतःच पुढे नेण्याची मुभा मिळाली, तेव्हापासून बचावफळीला सावरून उभे राहण्याची उसंतही उरलेली नाही. कृत्रिम हिरवळीएवढीच खोल क्रांती ऑफसाइड गेल्याने घडली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. तरीही आपल्याकडे गालिच्यावर जितकी शाई खर्च झाली, त्याच्या दशांशानेही या नियमावर झालेली नाही.

जुन्या प्रेक्षकाचा सर्वाधिक राग असतो तो पेनल्टी कॉर्नरवर. हा खेळ नव्हे, यंत्र आहे, असे तो म्हणतो. हे यंत्र कसे चालते, हे मात्र पाहण्यासारखे आहे. गोल केवळ १४.६३ मीटर त्रिज्येच्या ‘डी’ मधून मारलेल्या चेंडूवरच होऊ शकतो आणि या क्षेत्रात बचावपटूंकडून आगळीक झाली की पेनल्टी कॉर्नर मिळतो. गोलरक्षकासह पाच बचावपटू गोलरेषेमागे उभे राहतात. बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. गोलखांबापासून दहा मीटरांवरून एक खेळाडू चेंडू आत ढकलतो, दुसरा तो ‘डी’ च्या बाहेर थांबवितो आणि तिसरा गोलवर मारतो. जेमतेम दोन सेकंदांचा हा खेळ. यातली मेख अशी, की पहिला तडाखा जर काठी उगारून मारलेला असेल तर गोलरेषेवर चेंडूची उंची ४६ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे गोलच्या फळीपेक्षा, अधिक असता कामा नये. काठीने खेचून फेकलेल्या चेंडूला मात्र ही मर्यादा नाही. या एका भेदातून ड्रॅग फ्लिक जन्माला आला : चेंडू काठीच्या दांड्याला लावून, शरीराला पीळ देऊन गोफणीसारखा भिरकावायचा आणि तो २.१४ मीटर उंचीच्या गोलच्या वरच्या कोपऱ्यात घालायचा. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासने या अस्त्रावर ३४८ आंतरराष्ट्रीय गोलांचा डोंगर रचला. पॅरिसमध्ये हरमनप्रीतने दहा गोल केले तेही बहुतांशी कॉर्नर आणि स्ट्रोकवरच.

या फेकीसमोर गोलरेषेवरून जो पहिला धावत सुटतो, त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. तोंडाला मुखवटा, गुडघ्यांना कवच एवढ्या सामग्रीवर तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या चेंडूच्या मार्गात स्वतःला झोकून देतो. भारतासाठी हे काम करणाऱ्यांत अग्रभागी होता रोहिदास. ब्रिटनविरुद्ध तो गेला तेव्हा संघातला केवळ एक बचावपटू गेला नाही, तर ही ढालही गेली. तीच जोखीम मग मनप्रीत सिंगसारख्या सहकाऱ्यांना वाटून घ्यावी लागली.

पेनल्टी कॉर्नर मिळविणे हीसुद्धा एक स्वतंत्र विद्या आहे. ‘डी’ मध्ये शिरलेला आघाडीचा खेळाडू गोलकडे न मारता बचावपटूच्या पायावर चेंडू आदळवितो, तेव्हा घराघरांत ‘वाया घालविला’ असा उद्गार निघतो. वास्तविक त्याने हिशेबाने एक संधी कमावलेली असते. चकविण्याची जुनी कला मेलेली नाही. तिचे कार्यक्षेत्र आक्रसले आहे. मैदानाच्या मध्यावर ती आज चैन ठरते, परंतु ‘डी’ च्या कडेला, दोन पावलांच्या जागेत, तिच्याइतके मोलाचे काही नाही.

कार्डांचे आणि चित्रफितींचे नियम तुलनेने सोपे आहेत. हिरवे कार्ड दोन मिनिटांसाठी, पिवळे किमान पाच मिनिटांसाठी आणि लाल उरलेल्या सामन्यासाठी बाहेर बसविते. पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याची संधी जपून वापरावी लागते. आव्हान चुकले की ती गेली. शूटआऊटमध्ये तेवीस मीटर रेषेवरून निघालेल्या खेळाडूला आठ सेकंद मिळतात आणि गोलरक्षकाला पुढे धावून येता येते. पेनल्टी स्ट्रोकच्या जुन्या जुगाराहून हे अधिक न्याय्य आहे. टोकियोत अखेरच्या सहा सेकंदांत जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर अडवून ५-४ असा विजय आणि एकेचाळीस वर्षांनी पदक मिळवून देणारा श्रीजेश अशा द्वंद्वांचा जाणकार होता. ब्रिटनला ते पुन्हा कळले.

या उमजेचा संबंध केवळ करमणुकीशी नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिक विजेत्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ हे मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले खेळाडू होते. पुण्याच्या खडकीतून आलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला आणि १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण आले. त्या परंपरेच्या प्रदेशात आज शाळकरी मुलगा हॉकी शिकतो तो बहुधा मुरमाच्या मैदानावर. तेथे त्याची नजर चेंडूवर खिळलेली राहते, कारण खडा लागून चेंडू कधी उडेल याचा नेम नसतो. पुढे कधी कृत्रिम हिरवळीवर उतरला, की मान वर करून मैदान वाचण्याची सवय त्याला नव्याने लावून घ्यावी लागते, आणि तोवर त्याची उमेदीची वर्षे सरलेली असतात. ओडिशाने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले आणि त्यासोबत मैदानेही उभारली. रोहिदासचा सुंदरगड जिल्हा त्याच राज्यातला. महाराष्ट्राने क्रीडा धोरणाच्या कागदांत हॉकीला काय दिले आणि तालुक्याच्या गावी त्यातले काय पोहोचले, याचा ताळेबंद एकदा मांडला गेला पाहिजे.

प्रत्येक तालुक्यात गालिचा अंथरणे लगेच शक्य होणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या शाळेच्या आवारात सपाट सिमेंटचे अंगण आहे, तेथे सरळ येणारा चेंडू पहिल्याच स्पर्शात थांबविणे आणि मान वर ठेवून तो पुढे देणे शिकविता येते. आंतरशालेय सामने अजूनही खेळविले जातात. त्यांत मुलांना पाळीपाळीने आत-बाहेर करण्याची पद्धत पाडली, तर बाकावरची पाच मुलेही खेळाडू होतील. याला पैसा लागत नाही. व्यायाम शिक्षकाने आजचा सामना आजच्या नजरेने पाहिलेला असावा लागतो.

ब्रिटनविरुद्धच्या विजयानंतर रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली आणि ६ ऑगस्टच्या उपांत्य सामन्यात तो प्रेक्षकांत बसला. जर्मनीच्या गोन्सालो पेयाने अठराव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली आणि भारत तो सामना २-३ असा हरला. दोन दिवसांनी स्पेनविरुद्ध रोहिदास परतला. शेवटच्या मिनिटांत स्पेनला पेनल्टी कॉर्नर मिळाले, ते परतविले गेले आणि २-१ अशा विजयासह कांस्यपदक भारताकडे राहिले.